घर एक, फायली तीन

वाचकाचं पत्र:

«नमस्कार ताई, मी अकरा वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला राहते. माझा भाचा खारकीवला एमबीबीएस करत होता. २४ फेब्रुवारी २०२२ ला पहाटे हल्ले सुरू झाले, तेव्हा त्याच्या घरमालकीणबाईंनी त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना पाच रात्री मेट्रो स्टेशनात स्वतःजवळ ठेवलं, आपल्यातलं खाऊ घातलं आणि शेवटी ल्विव्हच्या गाडीत अक्षरशः ढकलून बसवलं. तो पोलंडमार्गे सुखरूप घरी पोचला. त्या उपकाराची जाण ठेवून आम्ही नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘युनायटिंग फॉर युक्रेन’ योजनेतून त्यांच्या मुलीला आणि नातवाला इकडे आणलं. बाईंची आई अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून त्या मागे राहिल्या. आई गेल्यावर, जानेवारी २०२४ च्या अखेरीस त्याही आल्या. इथे एका बेकरीत काम करतात. जावई तिकडेच आहेत. मुलीचा आणि नातवाचा पॅरोल एकदा वाढून नोव्हेंबर २०२६ पर्यंत मिळालाय. बाईंचा येत्या जानेवारीत, म्हणजे २०२६ मध्ये, संपतोय.

दिवाळीला घरी आलेल्या प्रत्येकाने वेगळा सल्ला दिला. कुणी म्हणतं असायलम, म्हणजे आश्रयाचा अर्ज, करा, कुणी म्हणतं पोलंडला पाठवा. बाईंच्या ओळखीच्या एका नोटरीने तिघांचं ग्रीन कार्ड करून देतो म्हणून तीन हजार डॉलर मागितलेत, शिवाय पॅरोलची हजार डॉलर फी आधीच भरा म्हणतोय. त्यांना आधार देऊ अशी आम्ही कागदावर सही केली होती, उद्या आपल्यावर काही येईल का, ही माझ्या यजमानांना काळजी. सासूबाई नाशिकहून फोनवर विचारतात, ‘पॅरोलवर म्हणजे तुरुंगातून सुटलेत का गं?’ मला रात्र रात्र झोप नाही. त्यांना इथे आणून आपण फसवलं का? पुण्याला माझ्या माहेरी पाठवून द्यावं का, असंही मनात येतं.»

ताई, नातू बाईंना बाबुस्या म्हणजे आजी म्हणत असणार, म्हणून मीही त्यांना आजीच म्हणते.

आधी दोन गोष्टी. त्या नोटरीला एक डॉलरही देऊ नका. आणि आजींचा पॅरोल वाढवून मागणारा अर्ज याच आठवड्यात हाती घ्या. बाकी सगळ्या चर्चा तो अर्ज गेल्यावर करा.

सासूबाईंचा प्रश्न मला फार आवडला, कारण सगळी गोम त्यातच आहे. आपल्याकडे पॅरोल म्हटलं की येरवडा आठवतो. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात या शब्दाचा तुरुंगाशी संबंध नाही. तातडीची मानवतेची गरज असेल किंवा मोठं सार्वजनिक हित असेल, तर व्हिसा नसलेल्या माणसालाही सरकार काही काळापुरतं येऊ देऊ शकतं. मेख अशी की माणूस प्रत्यक्षात आत राहत असला तरी कायद्याच्या हिशेबी त्याला प्रवेश मिळालेला नसतो. ओसरीवर बसायला जागा दिली, पाणी दिलं, काम करू दिलं, पण माजघरात घेतलं नाही. म्हणून पॅरोल कितीदाही वाढला तरी तो आपोआप ग्रीन कार्ड होत नाही. नोटरी जे विकतोय ते कुणाच्याच दुकानात मिळत नाही.

आजींनी त्याच्यावर विश्वास का ठेवला, हे मात्र समजून घ्या आणि त्यांना बोल लावू नका. युक्रेनमध्ये नोटरी होण्यासाठी कायद्याची पदवी लागते. घराची खरेदी, मृत्युपत्र, वारसा, सगळं त्याच्यापुढे होतं आणि समाजात त्याला वकिलाचा मान असतो. अमेरिकेतला नोटरी पब्लिक फक्त सही करणाऱ्याची ओळख पटवून शिक्का मारतो. इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा अधिकार त्याला नाही. हे एवढं त्यांना त्यांच्या मुलीकडून, त्यांच्या भाषेत सांगू द्या. मी एका युक्रेनियन बाईंसोबत अशाच एका ‘कागदपत्रांच्या’ दुकानात गेले होते. तिथे त्यांचा अर्ज चुकीच्या प्रकाराखाली भरला गेला होता. पैसे गेले ते गेलेच, पण हातातले चार महिने गेले, त्याची हळहळ मला आजही आहे.

तो हजार डॉलर आधी मागतोय, यावरूनच त्याची लबाडी उघडी पडते. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने पॅरोलवर हजार डॉलरची फी बसवली आणि १६ ऑक्टोबर २०२५ पासून ती पॅरोल वाढवतानाही लागते. मोजके अपवाद सोडले तर तिला माफी नाही. पण ती अर्जासोबत भरायचीच नसते. अर्ज मंजूर होण्याच्या टप्प्यावर आला की सरकारी इमिग्रेशन खातं, म्हणजे यूएससीआयएस, लेखी कळवतं आणि दिलेल्या मुदतीत ती खात्याकडे भरायची असते. तेव्हा हजारेक डॉलर बाजूला काढून ठेवा, कुणाच्या हातात देऊ नका. अर्जाची फी वेगळी, वर्क परमिटची वेगळी. बेकरीत काम करणाऱ्या बाईंसाठी ही रक्कम मोठी आहे. तुम्हाला झेपत असेल तर हा भार वाटून घ्या. पत्रावरून वाटतं की तुम्ही तो घ्यालच.

आता आजींची फाइल. घरात तिघं एकत्र जेवत असले तरी कायद्यासमोर तीन वेगळी माणसं उभी आहेत आणि प्रत्येकाचं नशीब त्याच्या आगमनाच्या तारखेला बांधलेलं आहे. तुमच्या दिवाळीच्या पाहुण्यांचे सल्ले एकमेकांशी भांडत होते ते यामुळेच. जो तो तिघांसाठी एकच उत्तर शोधत होता.

आजींचा आय-९४, म्हणजे देशात आल्याची नोंद असलेला कागद, सीमा खात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. त्यावरची शेवटची तारीख खरी, डायरीतली नव्हे. आधीच आलेल्या युक्रेनियन लोकांसाठी पॅरोल वाढवण्याची प्रक्रिया २७ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली. अर्ज आय-१३१ नावाच्या फॉर्मवर, प्रत्येक माणसाचा स्वतंत्र, मुदत संपण्याआधीच्या १८० दिवसांत करायचा. म्हणजे आजींची खिडकी ऑगस्टपासूनच उघडी आहे. फॉर्ममध्ये युक्रेनियन री-पॅरोलचा, म्हणजे पॅरोल वाढवण्याचा, पर्याय नीट निवडा, दुसरा कुठला नको. पासपोर्ट, आय-९४, पूर्वीचा मंजुरीचा कागद, सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते पाहा. खारकीवच्या लोकांची जुनी कागदपत्रं रशियन उच्चाराप्रमाणे आणि नवी युक्रेनियन उच्चाराप्रमाणे असतात, तेव्हा एकाच बाईंची दोन नावं झालेली दिसतात. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर न्यूयॉर्कच्या युक्रेनियन वाणिज्य दूतावासात आताच वेळ घ्या. नवा पुरस्कर्ता, म्हणजे आधाराची हमी देणारा माणूस, किंवा तुमची नवी सही या अर्जाला लागत नाही.

हे सगळं इतकं अवघड का झालं, ते थोडक्यात सांगते. योजना २५ एप्रिल २०२२ ला सुरू झाली आणि तिच्यातून सुमारे २ लाख ४० हजार युक्रेनियन अमेरिकेत आले. २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशानंतर २८ जानेवारीपासून पुरस्कर्त्यांचे नवे अर्ज घेणं बंद झालं. फेब्रुवारीत तर आधी आलेल्या लोकांचे अर्जही थंड पेटीत टाकले गेले. २८ मे रोजी बोस्टनच्या फेडरल न्यायाधीश इंदिरा तलवानी यांनी ती स्थगिती उठवायला सांगितली आणि जूनपासून कामकाज पुन्हा सुरू झालं. एप्रिलमध्ये काही युक्रेनियन लोकांना सात दिवसांत देश सोडा असा ई-मेल गेला होता. तो चुकून गेल्याचं सरकारने नंतर सांगितलं, पण त्याची छायाचित्रं अजून फोनवरून फिरतात. तुमच्याकडेही आलं तर घाबरू नका. मात्र आलेला प्रत्येक सरकारी कागद जपून ठेवा.

अर्ज आज गेला तरी जानेवारीच्या आत निकाल लागेलच असं धरून चालू नका. आणि इथे एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. पॅरोल वाढवण्याचा अर्ज नुसता पडून असणं म्हणजे राहण्याची परवानगी नव्हे. जानेवारीत मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून बेकायदा मुक्कामाचे दिवस मोजले जायला लागतात. वर्क परमिटही त्याच तारखेला संपत असेल, तर नवं हातात येईपर्यंत आजींनी बेकरीतलं काम थांबवायचं. मालकीण प्रेमळ असली, रोख देते म्हणाली, तरी थांबवायचं. हे दिवस १८० च्या वर गेले आणि मग देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही. वर्षाच्या वर गेले तर दहा वर्षं. जानेवारी अखेरीपासून मोजलं तर १८० दिवस जुलैच्या शेवटी भरतात. म्हणून माझं मत असं की निकालाची वाट मेपर्यंत पाहावी आणि तोवर काहीच हललं नाही तर पोलंडचा विचार मेमध्ये करावा, जुलैत धावपळ करत नव्हे.

पोलंड सुचवणारा तुमचा पाहुणा चुकीचं बोलत नव्हता, फक्त घाई करत होता. युरोपीय संघाने ४ मार्च २०२२ ला युक्रेनियन लोकांसाठी तात्पुरतं संरक्षण सुरू केलं आणि ते ४ मार्च २०२७ पर्यंत वाढवलं आहे. चाळीस लाखांहून जास्त लोक त्याखाली राहत आहेत. त्यात राहणं, काम, दवाखाना, मुलांची शाळा सगळं येतं. २४ फेब्रुवारी २०२२ ला किंवा नंतर युक्रेन सोडलेल्यांसाठी ते आहे आणि आजींनी तर २०२४ मध्ये सोडलं, म्हणजे त्या बसतात. बायोमेट्रिक पासपोर्ट असेल तर पोलंडसारख्या शेंगेन देशांत जायला व्हिसाही लागत नाही. पण मुलगी आणि नातू इथे असताना आजींना एकटीनं वॉर्साच्या भाड्याच्या खोलीत पाठवणं हे कागदावर सोपं आणि मनाला जड. हातचं सोडून पळत्याच्या मागे आज लागू नका. दार तिथे आहे एवढं आजींना माहीत असू द्या. त्यानेही माणसाला झोप लागते.

युक्रेनियन लोकांसाठीची कॅनडाची योजना बंद झाली आहे. पुण्याचं म्हणाल तर तुमच्या माहेरची माणसं आजींना डोक्यावर घेतील याबद्दल मला शंका नाही. पण भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांचा स्वतंत्र कायदा नाही. पर्यटक व्हिसावर त्यांना काम करता येणार नाही आणि तो संपला की पुन्हा हाच प्रश्न, फक्त कोथरूडमध्ये.

असायलमविषयी जरा थांबून बोलते, कारण त्यात सर्वात जास्त गैरसमज आहेत. माझ्या शहरावर बॉम्ब पडतात, हे कितीही भयंकर असलं तरी अमेरिकेच्या कायद्यात तेवढ्यावर असायलम मिळत नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट सामाजिक गटात असणं, यांपैकी कशामुळे तरी त्या व्यक्तीचा छळ झाला किंवा होईल असं दाखवावं लागतं. आजींना कुणी कधी पकडून चौकशी केली होती का, रशियन ताब्यातल्या गावात त्या किंवा जवळचं कुणी अडकलं होतं का, घरात कुणी उघडपणे राजकीय काम करत होतं का, हे वकिलाने शांतपणे, दुभाष्याला बसवून विचारायला हवं. आल्यापासून एका वर्षात अर्ज करायचा नियम आहे आणि आजींचं ते वर्ष उलटून गेलंय. पण पॅरोलवर असलेल्या माणसाला त्यातून सूट आहे, पॅरोल संपल्यावर वाजवी वेळेत अर्ज केला तर. म्हणून ही भेट जानेवारीच्या आतच व्हावी. खरा आधार असलेला असायलमचा अर्ज पडून असेल तर बेकायदा मुक्कामाचे दिवसही सहसा मोजले जात नाहीत. त्याची फी २०२५ मध्ये शंभर डॉलर झाली आणि अर्ज पडून असेपर्यंत दरवर्षी वेगळी फी आहे. आधार नसेल तर मात्र कुणी रचलेली कहाणी सांगू नका. जाणूनबुजून खोटा अर्ज केल्याचं ठरलं तर पुढचे सगळे रस्ते कायमचे बंद होतात.

मुलीची आणि नातवाची गोष्ट पूर्ण वेगळी आहे आणि इथे तुम्ही सगळ्यांनी एक चांगली संधी नकळत बाजूला ठेवलीय. टीपीएस, म्हणजे युद्धग्रस्त देशांच्या लोकांना दिलं जाणारं तात्पुरतं संरक्षण, युक्रेनसाठी १९ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यासाठी १६ ऑगस्ट २०२३ पासून अमेरिकेत सलग वास्तव्य हवं. मुलगी २०२२ मध्ये आली, म्हणून ती आणि नातू बसतात. आजी पाच महिन्यांनी चुकल्या. त्या पाच महिन्यांत त्या आईच्या उशाशी बसल्या होत्या. कायद्यात याला रकाना नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं.

टीपीएसच्या पहिल्या नोंदणीची नेहमीची मुदत गेली असली तरी त्या काळात जे पॅरोलवर होते त्यांना उशिरा नोंदणी करता येते, पॅरोल चालू असेपर्यंत आणि तो संपल्यावर ६० दिवसांपर्यंत. मुलीचा पॅरोल नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहेच, मग हे कशाला, असं ती विचारेल. कारण पॅरोल सरकार मध्येच रद्द करू शकतं. २०२५ मध्ये क्युबा, हैती, निकाराग्वा आणि व्हेनेझुएलाच्या लोकांचा पॅरोल असाच एका फटक्यात रद्द केला गेला. टीपीएस हा त्याहून वेगळा आधार आहे. तो असताना देशाबाहेर काढता येत नाही आणि कायद्याच्या नजरेत माणूस वैध स्टेटसमध्ये राहतो. उद्या एखाद्या कंपनीने तिला नोकरीवरून ग्रीन कार्डसाठी पुढे केलं तर हा मुद्दा कामाला येतो. पुढे टीपीएस वाढला तर आत असलेल्यांनाच पुन्हा नोंदणी करता येईल. फॉर्म आय-८२१, फी २०२५ मध्ये माणशी पाचशे डॉलर झाली. तिच्याकडे पॅरोलवरचं वर्क परमिट असेल तर टीपीएसचं वेगळं परमिट लगेच घ्यायची गरज नाही, तेवढे पैसे वाचवा. टीपीएस वाढवायचा की नाही, हे सरकारला मुदतीच्या किमान ६० दिवस आधी ठरवावं लागतं, म्हणजे २० ऑगस्ट २०२६ च्या सुमारास. ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहा.

नातवाच्या शाळेची काळजी करू नका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या प्लायलर निकालापासून सरकारी शाळा कुठल्याच मुलाला कागदपत्रांवरून नाकारू शकत नाही. जावयांना मात्र या मार्गाने आता आणता येणार नाही. योजना बंद आहे आणि युक्रेनमध्ये लष्करी कायद्यामुळे १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ती फक्त २२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी उठली. मुलीशी याबद्दल बोलताना खोटी आशा दाखवू नका.

आणि एक धोका असा, जो प्रेमापोटी ओढवतो. आजींना आईच्या वर्षाला थडग्यावर जाऊन यावंसं वाटेल किंवा मुलीला नवऱ्याला पोलंडच्या सीमेवर एकदा भेटावंसं वाटेल. आधी प्रवासाची परवानगी न घेता विमानात बसलं की पॅरोल तिथेच संपतो आणि परत यायला दार उरत नाही. परवानगी घेतली तरी आजच्या दिवसांत परतीची खात्री धरू नये, आणि वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. घर बदललं तर दहा दिवसांत नवा पत्ता कळवायचा, हेही तिघांनी लक्षात ठेवावं. अर्ज फेटाळले गेल्याची नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन पडलेली मी पाहिली आहे.

तुमच्या यजमानांना सांगा की तुम्ही सही केलेला आय-१३४ए हा आधार द्यायचा शब्द होता. नातेवाइकांच्या ग्रीन कार्डसाठी जो आय-८६४ भरतात तो कोर्टात वसूल करता येणारा करार असतो, हा तसा नाही. त्यांची शंका रास्त होती, ती विचारली म्हणून त्यांना घरात कुणी कंजूष ठरवू नये.

वकिलाचे पैसे झेपत नसतील तर अमेरिकेच्या न्याय खात्याने मान्यता दिलेल्या स्वयंसेवी संस्था आणि त्यांचे अधिकृत प्रतिनिधी असतात. त्यांची राज्यवार यादी न्याय खात्याच्या संकेतस्थळावर आहे. ते फुकट किंवा माफक पैशांत काम करतात. सरकारी फॉर्म स्वतः फुकट असतात. भेटीला जाताना तीन वेगळ्या फायली न्या, प्रत्येकीवर नाव, आगमनाची तारीख आणि पॅरोल संपण्याची तारीख मोठ्या अक्षरांत. मुलीला सोबत न्या, पण आजींची मुलाखत आजींचीच होऊ द्या. काही गोष्टी बाई मुलीसमोर सांगत नाहीत.

फसवलं का, असं तुम्ही विचारलंत. खारकीव रशियाच्या सीमेपासून तीस-चाळीस किलोमीटरवर आहे आणि तिथे आजही रात्री भोंगे वाजतात. तुमचा नातू म्हणावा असा तो मुलगा तीन वर्षं मेट्रोच्या फलाटावर नाही, एडिसनच्या शाळेत गेला. तुम्ही जे दिलंत ते खरं होतं. त्याची मुदत सरकारने ठरवली, तुम्ही नव्हे. आता आजींपासून काही लपवू नका. त्यांनी पाच रात्री बॉम्बखाली तीन परक्या पोरांना सांभाळलं, त्या जानेवारीची तारीख ऐकू शकतात. पोलंडचा पर्याय, कामातला खंड, हजार डॉलर, सगळं एकदाच, मुलीला शेजारी बसवून सांगा, आणि काय करायचं ते त्यांना ठरवू द्या.

अर्ज गेला की पावतीचा कागद येईल. त्याची एक प्रत आजींच्या पर्समध्ये, एक मुलीकडे, एक तुमच्या देवघराच्या कपाटात ठेवा. आणि वकिलाची तारीख ठरली की मला कळवा.